न मोजायचा ढीग

तार आली आणि सगळं बिघडलं. म्हणजे आधी ट्रकमधून खांब आले, मग खड्डे खणले, मग काटेरी तारेची ही एवढाली भेंडोळी आली, आणि गावाच्या वरच्या अंगाला जे माळरान होतं, मास्तरणीच्या बापाची, शिट्टी म्हणतात त्या पोराची आणि आणखी दोन-चार घरांची मेंढरं ज्याच्यावर वाढली, ते माळरान बघता बघता आत गेलं आणि मेंढरं बाहेर राहिली. आत येण्यास मनाई, अशी पाटीसुद्धा लागली. आता मेंढरांना कुठं वाचता येतंय? ती आपली रोज तारेपर्यंत जायची, नाक लावायची, काटा टोचला की मागं सरायची आणि आतल्या गवताकडे बघत तिथंच उभी राहायची. त्यांच्या मागं बाप उभा. काठीवर हनुवटी टेकून तोही तिकडेच बघायचा.

बाहेर उरली ती रस्त्याकडेची पट्टी. एका अंगाला डांबर, दुसऱ्या अंगाला तार, आणि मधल्या धुळीत सगळ्या घरांची मेंढरं. धूळ अशी, की संध्याकाळी बाप घरी आला की भुवया पांढऱ्या. चूळ भरली की राखाडी पाणी. मेंढरांच्या बरगड्या लोकरीतून हाताला लागायला लागल्या. खाटीक मोटरसायकलवरून दोनदा येऊन गेला. उतरलासुद्धा नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "सगळी मिळून घेतो. एकेक निवडत बसत नाही मी. वाळायच्या आत सांगा." बाप काठीनं धूळ उकरत राहिला. पण आईनं आतून भांडं आपटलं, त्यावरून काय ते कळलं.

आणि त्याच आठवड्यात एजंट आला.

हा एजंट म्हणजे स्वच्छ बुटांचा माणूस. लेंडी चुकवत चुकवत, उड्या मारतच अंगणात आला. म्हणाला, परदेशात इतकी मोठी रानं आहेत की दिवसभर चाललं तरी कुंपण लागत नाही. तिकडे मेंढरं आहेत, गवत आहे, पाणी आहे, माणसं नाहीत. तिकडचा मालक फोनवर तोंड दाखवून बोलणार, ज्याला घेईल तो तीन वर्षं तिकडे. घरी दर महिन्याला पैसे, म्हणजे विकतचा चारा, म्हणजे खाटकाची गरज नाही.

"फक्त बोलायचं इंग्रजीत," एजंट म्हणाला.

"मेंढरांशी?" बापानं विचारलं.

"मालकाशी हो! मेंढरं किती, पाणी किती, चारा किती, एवढंच. आहे का कुणी शिकवणारं?"

तेव्हा सगळ्यांनी मास्तरणीकडे पाहिलं. ती खरं तर कुठलीच मास्तरीण नव्हती. बारावीला सगळ्या विषयांत नापास आणि इंग्रजीत तेवढी पास, असा उलटा निकाल लावून घरी बसली होती, म्हणून चिडवायला पडलेलं नाव. ती लोकर पिंजत बसली होती. हातातला पुंजका तसाच धरून म्हणाली, "मी शिकवीन."

झाली शाळा सुरू! मेंढवाड्याच्या कडेला कोकरांसाठी पत्र्याचं छप्पर होतं, तिथं. विद्यार्थी तीन. एक बाप. दुसरा शिट्टी. हा पोरसवदा मेंढपाळ, नवीनच लग्न झालेलं, ओठांत शिट्टी कायम, म्हणून तसं नाव. तिसरा कातरीमामा, म्हणजे आईचा भाऊ, गावोगावच्या मेंढ्यांची लोकर कातरणारा, आणि स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही. फळा नव्हता, पुस्तक नव्हतं. मास्तरणीनं घरातलं आणि गोठ्यातलं होतं नव्हतं ते उचलून आणलं आणि जमिनीवर काठीनं एक रेघ ओढली.

"ह्या बाजूला मोजायच्या वस्तू. त्या बाजूला न मोजायच्या. मोजायच्या असतील तर हाऊ मेनी. न मोजायच्या असतील तर हाऊ मच. दगड?"

"मोजायचा," तिघं म्हणाले.

"पाणी?"

"बादल्या मोजतो की आपण," शिट्टी म्हणाला.

"बादल्या मोजतो. पाणी नाही मोजत. बादली इकडे, पाणी तिकडे. लोकर?"

"गठ्ठे इकडे, लोकर तिकडे," कातरीमामा म्हणाला. त्याला पटकन जमायचं.

"शाब्बास. केस?"

"माझे?" मामा डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "माझे मोजून देतो, आण."

"इंग्रजीत केस न मोजायचे, मामा."

"टकल्यांची भाषा दिसतेय."

शिट्टी लोळायचा बाकी राहिला. मग त्यानं सुरू केलं. लेंड्या कुठं? मेनी. आणि मूत? मच. आणि माझी बायको बोलते ते? ते तर मच, मच, मच! काम कुठं, असं बापानं विचारलं. मास्तरीण म्हणाली, वर्क, न मोजायचं. "म्हणजे मालकानं कितीही सांगितलं तरी मोजायचं नाही," बाप म्हणाला, आणि तो गंमत करतोय की खरंच म्हणतोय ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळे हसूही अर्धंच आलं.

मग तिनं एक कोकरू उचलून बापाच्या हातात दिलं. "शीप. एक असलं तरी शीप, पुष्कळ असली तरी शीप. कुठल्या बाजूला?"

बापानं कोकरू छातीशी धरलं, थोडा वेळ रेघेकडे पाहिलं आणि न मोजायच्या बाजूला, पाणी, मीठ आणि लोकर ठेवली होती त्यांच्यात नेऊन ठेवलं.

"बाबा, मेंढरं मोजतात."

"आपल्यात नाही मोजत."

आता हे सांगायला हवं. त्या घरात मेंढरं कधी कुणी मोजली नाहीत. आकडा तोंडातून गेला की कळप घटतो असं त्यांचं होतं, आणि किती होती ते मीसुद्धा सांगणार नाही, त्यांच्या घरातलं आहे ते. त्यांची रीत वेगळीच होती. संध्याकाळी बाप वाड्याच्या अरुंद फाटकात उभा राहायचा, एक पाय आत, एक बाहेर. गुडघा आणि खांब ह्यांच्यामधून एकेक मेंढरू आत जायचं आणि बापाचा तळहात प्रत्येकाच्या पाठीवरून फिरायचा. ही ठिपकी, ही लांबडी, ही कानफाटी, ही म्हातारी, हा दांडगा. माणसांना नसतील एवढी नावं. कुणी मागं राहिलं असलं की हाताला ते रिकामं लागायचं, एवढंच. चुलीपुढून आई ओरडायची, "भरला का वाडा?" आणि बाप म्हणायचा, "भरला." मग फाटक ओढायचं. किती आल्या, असं त्या घरात कुणी विचारायचंच नाही.

"मालक विचारणार, हाऊ मेनी शीप," मास्तरीण म्हणाली. "तेव्हा काय सांगाल? भरला म्हणून?"

चुलीपुढून आईनं ऐकलं. "घरात आकडे नकोत गं," ती म्हणाली. "बाहेर काय ते मोजा."

"आई, इंग्रजीत मोजायचंय. आपल्या मेंढरांना इंग्रजी कुठं कळतंय!"

शिट्टी ह्यावर पुन्हा हसला, मामा हसला आणि बापसुद्धा हसला. आई नाही हसली.

दिवसभर पट्टीवर मेंढरं, संध्याकाळी छपराखाली शाळा, असं चाललं. कातरीमामा आठवड्यात सगळं शिकला आणि मग म्हणाला, माझे गुडघे मला परदेशात उभं राहू देणार नाहीत, मी आपला ऐकायला येतो. शिट्टीला पाठ व्हायचं, पण त्याला बायको सोडवत नव्हती, त्यामुळे तो मुद्दाम चुकायचा. खरा अडकला तो बाप. मच आणि मेनी त्याला कळायचं, रेघेच्या कुठल्या बाजूला काय ते झोपेत सांगितलं असतं. आकडे येईनात. ट्वेंटी नाइनपर्यंत रेटत जायचा आणि पुढं म्हणायचा, "ट्वेंटी टेन."

"थर्टी, बाबा."

"थर्टी. हां. मध्येच नाव का बदलतात?"

अशात एजंटानं त्याला तालुक्याच्या कचेरीत बोलावलं, तयारी बघायला म्हणून. मास्तरीण बरोबर गेली. खोलीत पंखा, एक टेबल, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यांच्यावर इस्त्रीचे शर्ट घातलेली पोरं. कुणी ड्रायव्हर व्हायला निघालेला, कुणी हॉटेलात. बापाच्या अंगाला मेंढराचा वास. शेजारचा पोरगा उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला, असा काही की जणू त्याला खिडकीतून बघायचंय. एजंटानं बापाला मध्ये उभं केलं.

"मोजा खुर्च्या. इंग्रजीत. मोठ्यानं."

बाप मोजायला लागला. बोट दाखवून, एकेका माणसासमोर थांबून. खुर्च्या कमी पडल्या तर एजंट म्हणाला, आता माणसं मोजा, आता फरशा मोजा. ट्वेंटी नाइन आलं. बाप थांबला. ओठ हलले, आवाज नाही. कपाळावर घाम. आणि मग अगदी हळू आवाजात, "ट्वेंटी टेन."

काय हसली ती खोली! एजंट हसला ते ठीक, पण जो उठून गेला होता तो पोरगा टाळ्या वाजवायला लागला. मास्तरणीला वाटलं, फरशी फाटावी. बापही हसला सगळ्यांबरोबर, दात दाखवून, ते तिला जास्त लागलं.

परत येताना एसटीत तो आपल्या तळहाताकडे बघत बसला. उतरल्यावर, पट्टीवर धुळीत चालता चालता म्हणाला, "पोरी, दगड मोजून नाही येणार मला. हातातलं आणि तोंडातलं एक झालं पाहिजे. आजपासून फाटकात मोजतो."

"आई चिडेल."

"हळू मोजतो."

आणि खरंच, फाटकात मोजायला लागल्यावर त्याला यायला लागलं की! मेंढरू आत, आकडा बाहेर. वन, टू, थ्री. पाठीवर हात पडायचा तोच मुळी आकडा म्हणायला. पहिल्या दिवशी तीनदा चुकला. मग दोनदा. आई चुलीपुढून ओरडायची, "भरला का?" आणि तो मध्येच तुटायचा, वैतागायचा, "थांब गं, मोजतोय ना!" पुढं पुढं तिनं विचारायचंच सोडलं. आणि बाप असा काही खूष, की जेवताना बोटांनी ताटाच्या कडेवर मोजायचा, पट्टीवर जाताना खांब मोजायचा, शिट्टीला थांबवून म्हणायचा, विचार, विचार मला काहीतरी. इतक्या वर्षांत मास्तरणीनं बापाला असं काही शिकताना पाहिलंच नव्हतं. त्याला ती मान डोलवत ऐकायची आणि तिला वाटायचं, होणार. हा जाणार. मेंढरं राहणार.

मग ती संध्याकाळ आली.

त्या दिवशी पट्टीवरून एक परका कळप चालला होता. लांबचे लोक, चारा शोधत निघालेले, त्यांची मेंढरं आणखीच वाईट. पट्टी ती केवढी, वर मागून ट्रक भोंगा वाजवत आला, आणि दोन्ही कळप एकमेकांत घुसले. धुळीचा लोट. शिट्टी शिट्ट्या मारतोय, परका मेंढपाळ हाका मारतोय, बाप काठी आडवी धरून आपली मेंढरं वेगळी काढतोय. काढली. अंधार व्हायच्या आत सगळी घराकडे वळवली.

बाप फाटकात उभा राहिला. मास्तरीण आतल्या बाजूला, कोकरांना अडवून. वन, टू, थ्री. आज आवाज खणखणीत. ट्वेंटी नाइन. तिनं श्वास धरला. थर्टी! थर्टी वन, थर्टी टू, आणि तेवढ्यात तिच्या पायाजवळून एक मेंढी आत आली, तिची मान खाली, नाकातून शेंबूड, आणि ती त्यांची नव्हती. मास्तरणीला एका नजरेत कळलं. त्यांच्या कळपात असल्या आखूड कानांची मेंढी नव्हतीच. तिनं तोंड उघडलं. बाप मोजत होता. डोळे मिटून, मान हलवत, न चुकता, न थांबता, पहिल्यांदाच. आता बोललं तर तुटेल. तिनं तोंड मिटलं. सकाळी सांगू, ती मनात म्हणाली. एका रात्रीनं काय होतंय.

शेवटचं मेंढरू आत आलं आणि बापानं शेवटचा आकडा म्हटला. बरोबर तोच, जो रोज यायचा. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"आली!" तो ओरडला. "पूर्ण! एकदम! ऐकलंस ना गं?"

"ऐकलं," मास्तरीण म्हणाली.

त्यानं फाटक ओढलं. त्या रात्री तो पोटभर जेवला.

सकाळी उजेडात बाप वाड्यात गेला आणि म्हणाला, "अरेच्चा! ही कोण? आणि आपली कानफाटी कुठं?" जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला. मास्तरीण धावत आली आणि तीही म्हणाली, "अगं बाई, ही कुठली?" कानफाटी पोटुशी होती, पहिलटकरीण. परक्या कळपाबरोबर गेली होती. शिट्टी सायकल घेऊन रस्त्यानं पार पुढपर्यंत जाऊन आला, पण ते लोक वस्ती हलवून गेलेले, कुठल्या फाट्यानं गेले ते कुणाला ठाऊक नाही. परक्या मेंढीला बापानं दावं लावून पत्र्याबाहेर बांधलं. ती काही खाईना. तिच्या ओठांवर, शेपटीखाली फोड होते, वाटाण्याएवढे. दोन दिवसांनी ती मेली.

मग काही दिवस काही नाही. सगळ्यांनी श्वास सोडला. आणि एका सकाळी लांबडी उठली नाही. अंगाला हात लावला तर चटका. डोळे चिकटलेले, नाक गळतंय. दुपारपर्यंत ठिपकी. दुसऱ्या दिवशी कोकरं, एकामागून एक, आणि कोकरांना तर फोड यायच्याआधीच ती थंड पडायची.

जनावरांचा डॉक्टर आला. एका मेंढीची शेपटी उचलून बघितली आणि हातमोजे काढले.

"देवी आहेत. लस कधी टोचली होती?"

बाप वाकून मेंढीच्या अंगावरची धूळ झाडायला लागला.

"बाहेरचं जनावर आलं होतं का कळपात?"

बापानं मास्तरणीकडे पाहिलं नाही. मास्तरणीनं बापाकडे पाहिलं नाही.

"आमचा आकडा पूर्ण होता," बाप म्हणाला.

डॉक्टरला ते काही कळलं नाही. तो म्हणाला, चुना टाका, खोल पुरा, ह्या कपड्यांनी दुसऱ्याच्या कळपात जाऊ नका, आणि रस्त्यावर तर मुळीच आणू नका. फटफटीला लाथ मारून गेला. शिट्टीनं आपली मेंढरं गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली. संध्याकाळी तो लांबूनच, झाडाखाली उभा राहून शिट्टी वाजवायचा, म्हणजे आहे मी, पण येत नाही. शाळा बंद.

खड्डा खणायचा म्हणजे काय काम असतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. जमीन वाळून दगड झालेली. बाप कुदळ मारायचा, ठिणगी उडायची. कातरीमामा गुडघे धरत फावड्यानं माती उपसायचा. आई आणि मास्तरीण दोघी मिळून एकेक मेंढी पायांना धरून ओढत आणायच्या. मेलेली मेंढी किती जड होते! जिवंतपणी बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि मेल्यावर दोघींना हलेना. खड्डा पुरता होईपर्यंत त्या मेंढ्या छपराखाली ठेवाव्या लागल्या. उन्हात ठेवल्या तर फुगायच्या. एकीवर एक. जिथं रेघ ओढली होती तिथंच, पलीकडच्या, न मोजायच्या बाजूला. ढीग घालून झाल्यावर ते मास्तरणीच्या लक्षात आलं. तिनं पायानं माती सारून रेघ पुसली.

बाप प्रत्येकीला खड्ड्यात सोडताना नाव घ्यायचा. फक्त नाव. "लांबडी." चुना. "ठिपकी." चुना. "म्हातारी." तिच्यावर त्यानं जरा हात ठेवला, मग चुना. हाताला चुन्यानं भेगा पडल्या, भेगांतून रक्त आलं, पण आकडा म्हणून त्यानं तोंडातून काढला नाही. आईनंही नाही. आणि मास्तरीण? तिच्या डोक्यात ते आपोआप चालू होतं. वन. टू. थ्री. ती ओठ घट्ट मिटून ओढत होती.

एजंटाचा निरोप आला तेव्हा हे असं चाललं होतं. उद्या दुपारी मालक फोनवर येणार.

"जाऊ नका," मास्तरीण म्हणाली. तिला खरं तर काय म्हणायचं होतं ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"आता नाही गेलो तर खाऊ काय?" बाप म्हणाला. "खाटीकसुद्धा नाही घेणार आता."

त्यानं अंग घासून घासून आंघोळ केली. मामाचा शर्ट घातला, पायताण मामाचं. कचेरीत तीच खोली, तोच पंखा. टाळ्या वाजवणारा पोरगा आज नव्हता. एजंटानं मोबाईल खोक्याला टेकवून उभा केला. पडद्यावर टोपी घातलेला, उन्हानं भाजलेला एक म्हातारा आला. चेहरा वाईट नव्हता. त्याच्यामागं गवत होतं. वाऱ्यानं हलणारं, कमरेएवढं गवत. बाप मालकाकडे न बघता आधी त्या गवताकडेच बघत राहिला.

म्हाताऱ्यानं पाणी विचारलं, बापानं सांगितलं, मच. कुत्री विचारली, मेनी. मग म्हाताऱ्यानं त्याच्याकडचं हलतं चित्र लावलं. एका लाकडी फाटकातून मेंढरं आत चालली आहेत, मोठमोठी, पांढरीशुभ्र, एकसारखी, ओळखायला एकीलाही खूण नाही. हाऊ मेनी शीप?

बाप मोजायला लागला. वन, टू, थ्री. त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता. चुन्यानं फुटलेला तो तळहात हवेत, पाठ शोधत, वर-खाली होत होता, आणि मोबाईलमागं उभी मास्तरीण नुसती त्या हाताकडे बघत होती. ट्वेंटी नाइन, थर्टी. अडला नाही. शेवटपर्यंत गेला. म्हातारा हसला. व्हेरी गुड, म्हणाला.

आणि मग त्यानं जरा पुढं वाकून विचारलं, तुझ्या कळपात काही आजार? सिकनेस?

पंखा फिरत होता. एजंटानं नुसतीच मान हलवली, नाही म्हण, नाही म्हण.

"नो सिकनेस," बाप म्हणाला. शिकवलं होतं तसं, कुठं चूक नाही. "गुड शीप. ऑल गुड शीप."

घेतलं त्याला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाप वाड्यात चुना झाडत होता. उरली होती ती मेंढरं एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती, अंगावर खपल्या. फाटक उघडंच होतं, कोणी बाहेर जात नव्हतं. मास्तरीण झाडू घेऊन आली.

"पोरी," बाप म्हणाला. तिच्याकडे न बघता, फाटकाच्या खांबावरून हात फिरवत. "हाताला लागली होती ती मला."

"कोण?"

"परकी. त्या दिवशी. लोकर वेगळी लागली. राठ. आणि कानफाटीची जागा रिकामी गेली तेसुद्धा लागलं. सगळं लागलं." त्यानं खांबावरचा चुना नखानं खरवडला. "पण मी थर्टीच्या पुढं होतो गं. थांबलो असतो तर सगळं विसरलो असतो. म्हटलं, आकडा होऊ दे. मग बघू."

मास्तरणीच्या हातातला झाडू थांबला. मलापण दिसली होती बाबा, हे एवढं म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. तिनं बापाकडे पाहिलं. त्याचे खांदे उतरले होते, बोलून मोकळा झाल्यासारखे. तो निघाला होता तीन वर्षांसाठी, अनोळखी मेंढरांमागं. तिनं सांगितलं असतं तर त्याचं ओझं अर्धं झालं असतं की दुप्पट, ते तिला काही केल्या कळेना.

"खांबाजवळचा चुना राहिलाय," ती म्हणाली. आणि झाडायला लागली.

सकाळी जीप आली. आईनं फडक्यात भाकरी बांधून दिली. शिट्टी झाडापर्यंत आला आणि तिथूनच त्यानं एक लांबलचक शिट्टी मारली. बापानं हात केला. जीप तारेच्या कडेकडेनं गेली आणि खांब संपले तिथं दिसेनाशी झाली.

त्या दिवशी मेंढरं घेऊन मास्तरीण गेली. रस्त्यावर नाही, घरामागच्याच ओघळीत, वाळक्या काटक्यांत. उन्हानं डोकं दुखलं. संध्याकाळी वळवून आणली आणि फाटकात उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर. मेंढरू गुडघ्याला घासून गेलं. तिनं पाठीवर तळहात ठेवला. लोकर, खाली खपली, खाली हाड. दुसरं आलं. लोकर, खपली, हाड. कोण होती, डोळे मिटून सांगता येईना. तोंडात आपोआप आकडा आला. मग पुढचा. लगेच संपलं. थर्टी यायच्या कितीतरी आधी.

चुलीपुढून भांड्यांचा आवाज थांबला. मग आईचा आवाज आला, खरवडून काढल्यासारखा.

"किती आल्या गं?"

सगळा जन्म त्या घरात काढून जे आईनं कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं होतं. मास्तरणीच्या तोंडात आकडा तयार होता. मराठीतपण, इंग्रजीतपण. ती रिकाम्या वाड्याकडे बघत राहिली, कोपऱ्यातल्या त्या एवढ्याशा लोकरीच्या पुंजक्याकडे.

"भरला, आई," ती म्हणाली आणि तिनं फाटक ओढलं.